दोन सूत

चौतीस वर्षं उद्यमबागेत मी पॅटर्न केले.
सागवानी पंप, सागवानी पुली, सागवानी गिअर-केस,
रंधून, घासून, हुबेहूब,
लोखंड निवताना आक्रसतं म्हणून अंमळ मोठे.
वाळूत दाबायचे आणि हलकेच उपसून घ्यायचे.
राहायची ती पोकळी. तिच्यात लोखंड जायचं,
आणि नाव लोखंडाचं व्हायचं.

आता ही.
एमजी टीसी, अट्ठेचाळीसची, दोन माणसांची,
जांबोटीच्या आगुस्तीन बारेटोंच्या काजूच्या शेडात सापडली.
सीटवर खुडूक कोंबडी.
"ती उठल्याबिगर गाडी उठणार नाही," म्हातारा म्हणाला.
एकवीस दिवस थांबलो.
मग टेम्पोत घालून वडगावला आणली,
खानापूरपर्यंत मागं पिसं उडत होती.

अनुसया म्हणाली, "आता मी वाळवणं कुठं घालू?"
खरं तिसऱ्या दिवशी
तिनंच बॉनेटवर सांडगे घातले.

पहिला रविवार पान्ह्यातच गेला.
बोल्टचं डोकं इंग्लंडच्या मापाचं,
आटे फ्रान्सच्या.
भरमा वेल्डर म्हणाला, "काका, ह्याला नट कुठला द्यायचा?"
इराप्पा बडिगेर दारात उभा होता, हसला.
"आपल्या गल्लीतलाच हाय की हा.
वर एक, आत एक. बसतोय न्हवं? मग सोड."

रंग खरवडला. लालाखाली राखी,
राखीखाली हिरवा,
नंबराच्या पाटीवर एका आकड्याखाली दुसरा आकडा,
त्याच्याखाली एक जुनं राज्य.
तिथं मी हात थांबवला.
जेवायला गेलो.

पत्रा उचलला तेव्हा कळलं
की आत सगळं लाकूड आहे.
ऍश म्हणतात त्या झाडाला, आपल्याकडं होत नाही.
डाव्या दाराचा खांब वाळवीनं भुसा केलेला,
एक हातभर तेवढा शाबूत,
आणि त्यावर पेन्सिलीनं कन्नडात एक ओळ.
मला अक्षरं लागतात, पण सावकाश, बसच्या पाटीएवढी.
इराप्पानं चष्मा पुसला, लाकूड उजेडात तिरकं धरलं:
"दोन सूत कमी पडलंय. पुढच्यानं बघावं."
खाली नाव नाही.
"सुताराचंच अक्षर," तो म्हणाला,
"काना काढताना हात रंध्यावानी ओढलाय."

पुढचा मीच होतो.
शिवण आणली, सावलीत आठ महिने ठेवली,
खांब केला बिनचूक,
वर्नियर लावून, दोन सूत भरून काढून.
बसवला. दार ओढलं.

दार लागेना.

एमजीची दारं उलटी उघडतात, बिजागरी मागं,
म्हणून आधी बिजागरीवर संशय घेतला, मग पत्र्यावर,
मग भरमावर, तो बिचारा दोन दिवस आलाच नाही.
रात्री बॅटरी घेऊन सांधा न् सांधा मोजला.
त्या कमी पडलेल्या दोन सुतांवर
अख्खी गाडी कधीचीच रेलून बसली होती.
चासी, पत्रा, पायरी, सगळ्यांनी
आपापलं थोडं थोडं सोडलं होतं.

सकाळी रंधा घेतला.
दोन सूत काढले.
दार लागलं, डब्याचं झाकण लागावं तसं.
जुना तुकडा नव्या खांबाला आतून जोडला
आणि त्या ओळीखाली पेन्सिलीनं मराठीत लिहिलं:
"दोन सूत कमी. मुद्दाम."
नाव मीही घातलं नाही.
मग पत्रा चढला, कातडं चढलं.

किल्ली फिरवली की आधी पेट्रोलचा पंप टकटकतो,
पाल चुकचुकावी तसा, आणि भरला की गप्प होतो.
काल तिसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलं होतं.
पोरं गोळा झाली. कुणी दिवे बघितले, कुणी तारांची चाकं,
एकानं विचारलं, किती देते?
मालगाडी जात होती, जमीन थरथरत होती,
अनुसया शेजारी पदर घट्ट धरून.
माझं ध्यान डाव्या दाराकडं.

वाजलं नाही.

आयुष्यात एकदा
मी केलेलं लाकूड आत राहिलंय.
फाटक उघडलं.
मागचा रिक्षावाला दोन्ही भाषांत ओरडायला लागला.